लसीची इजा आणि समाजाचे ऋण
(कुक्षी येथील शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याविषयी माझ्याहून अधिक अधिकाराने बोलणारे अनेक जण या सभागृहात बसलेले आहेत. त्यामुळे गुणवर्णनात वेळ न दवडता एखाद्या अवघड प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, हीच एका शिक्षकाला वाहिलेली उचित आदरांजली ठरेल, असे मला वाटते.

आजचा विषय आपल्याला काहीसा अनपेक्षित वाटेल. सार्वजनिक लसीकरणामुळे एखाद्याला इजा झाली, क्वचित मृत्यूही आला, तर त्याची भरपाई कोणी, कशी आणि कोणत्या न्यायाने करावी, असा हा प्रश्न आहे. विषय कायद्याचा आहे, परंतु केवळ वकिलांचा नाही. या सभागृहातील प्रत्येकाच्या दंडावर कधी ना कधी सुई टोचली गेली आहे. वडीलधाऱ्या मंडळींच्या दंडावर ‘देवी काढल्या’च्या खुणा अजून असतील.

आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. माझे हे व्याख्यान लसीकरणाच्या विरोधात नाही. देवीचा रोग ज्यांनी पाहिला, त्यांना लसीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसे. १९७५ साली भारतात देवीचा अखेरचा रुग्ण आढळला आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मधील. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर या शब्दांनी एकेकाळी आयांच्या काळजाचा ठोका चुकत असे. आजच्या तरुण मातापित्यांना हे शब्द अर्धे अपरिचित झाले आहेत, आणि ही लसीचीच पुण्याई आहे. हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायचा आहे. किंबहुना, हे मान्य केले म्हणूनच तो विचारणे भाग पडते.

१

भारतात लसीची कथा मुंबईपासून सुरू होते. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस यशस्वीपणे टोचण्यात आली. त्या काळी लस साठवून ठेवण्याची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावरील फोडातला द्राव घेऊन तो दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी ती साखळी चाले. ॲनाच्या दंडावरची लस अशाच रीतीने पुढे देशाच्या इतर भागांत पोहोचली. या घटनेतला अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. समाजाचे संरक्षण लहान मुलांच्या देहांवरून वाहत गेले. त्या मुलांनी संमती दिली नव्हती. त्यांना ती विचारण्याचा काळही नव्हता.

पुढे कायदे झाले. मुंबई इलाख्यात १८७७ साली आणि देशपातळीवर १८८० साली लसीकरणाचे कायदे आले. अधिसूचित नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत मुलाला लस न टोचणाऱ्या पालकाला दंड करण्याची तरतूद त्यांत होती. आज्ञा मोडली तर दंड, मात्र आज्ञा पाळून इजा झाली तर पालकाने काही मागावे असा हक्क नव्हता. शासनाचे आणि प्रजेचे नाते त्या काळी ज्या रीतीचे होते, त्याला अनुसरूनच हे झाले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हे जीवाणुशास्त्रज्ञ मुंबईत दाखल झाले आणि थोड्याच महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. याच वर्षी साथरोग कायदा झाला. त्याच कायद्याच्या अंमलबजावणीतून पुण्यात जे घडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर ज्या गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्या कायद्यातले दोन बारीक तपशील आपण सहसा वाचत नाही. चौथ्या कलमात, सद्भावनेने काम करणाऱ्यांवर कोणताही दावा चालणार नाही, असे संरक्षण दिलेले आहे. आणि दुसऱ्या कलमात, साथनिवारणाचा खर्च कोणी व कसा सोसायचा हे सरकारने ठरवावे, असे म्हणताना कंसात तीन-चार शब्द घातले आहेत, त्यांचा आशय ‘भरपाई असल्यास तीसह’ असा होतो. म्हणजे भरपाईचा उल्लेख १८९७ पासून आहे, परंतु तो कंसात आहे आणि खर्चाची एक बाब म्हणून आहे. पीडिताचा हक्क म्हणून तो कधी कंसाबाहेर आला नाही.

या कंसाचा अर्थ काय होतो, हे पाच वर्षांतच दिसून आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल या गावी, आज ते पाकिस्तानात आहे, १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. ही लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत तयार झाली होती. वेगवेगळ्या बाटल्यांपैकी ‘५३ एन’ या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून बाजूला करण्यात आले. पुढे उघड झाले ते असे की, मल्कोवालमध्ये बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंध येत नव्हता, ही गोष्टही दोष मुंबईत घडला नसल्याचे सुचवीत होती. सर रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचेच नाव देण्यात आले. आज मुंबईत हाफकिन संस्थेवरून जाताना हा इतिहास फारसा कोणाला आठवत नाही.

पाच वर्षे चाललेल्या या वादाचे स्वरूप काय होते, ते पाहा. दोष मुंबईचा की मल्कोवालचा? शास्त्रज्ञाचा की सहायकाचा? एका थोर माणसाच्या अब्रूचा तो प्रश्न होता आणि अखेर त्याला न्याय मिळाला, हे योग्यच झाले. परंतु त्या १९ घरांचे काय, हा प्रश्न वादाच्या मध्यभागी कधी आलाच नाही. दोषाचा शोध पाच वर्षे चालला. हाफकिन दोषी ठरोत वा निर्दोष, त्या घरांचे दुःख तेवढेच राहणार होते. माझ्या आजच्या विवेचनाचा सारा गाभा या एका वाक्यात आहे.

२

लसीनंतर होणाऱ्या अपायांचे शास्त्र आज पुष्कळ पुढे गेले आहे. सर्वसाधारण माणूस मात्र दोन टोकांना असतो. लसीनंतर जे काही घडले ते लसीमुळेच, असे एक टोक म्हणते. लसीमुळे काही घडूच शकत नाही, असे दुसरे म्हणते. दोन्ही चूक आहेत.

शास्त्रज्ञ अशा घटनांचे साधारणपणे तीन गट करतात. पहिल्या गटात लसीशी संबंध जोडता येतो. कधी लसीच्या अंगभूत गुणधर्मामुळे, कधी उत्पादनातील दोषामुळे, कधी टोचताना झालेल्या चुकीमुळे, तर कधी केवळ टोचून घेण्याच्या भीतीने भोवळ येऊन. दुसऱ्या गटात पुरावा अपुरा असतो, निश्चित काही सांगता येत नाही. तिसऱ्या गटात योगायोग असतो: तो आजार लस न घेताही त्याच दिवशी व्हायचा होता. लाखो बालकांना पहिल्या वर्षात अनेकदा लस दिली जाते, आणि त्याच वर्षात बालकांना इतर अनेक आजारही होतात. तेव्हा नुसते ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे.

पण पहिल्या गटातही एक उपगट कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. चूक कोणाचीच नाही आणि इजा मात्र लसीचीच, असा तो उपगट. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची असते. सुमारे २७ लाख डोसांमागे एखाद्या बालकाला त्याच लसीमुळे पक्षाघात होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लस शुद्ध होती, परिचारिकेने थेंब बरोबर दिले, आईने वेळेवर मूल आणले. सर्वांनी आपापले कर्तव्य केले आणि तरीही एक मूल लंगडे झाले. असाच अनुभव कोविडच्या साथीत आला. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर अत्यंत विरळा प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होतात, हे युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्ये मान्य केले. हीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ या नावाने बनवली आणि ती कोट्यवधी लोकांनी घेतली. तिने वाचवलेल्या जिवांपुढे हा धोका फार लहान होता. परंतु ज्या घरात तो प्रत्यक्ष उतरला, त्या घराला सरासरीचा आधार काय कामाचा?

चुकीची उदाहरणेही आहेत. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओचे थेंब म्हणून १२ बालकांच्या तोंडात हात धुण्याचे जंतुनाशक घातले गेले. सुदैवाने मुले बचावली. अशा प्रसंगी दोषी कोण हे दिसते आणि कायद्याला वाट सापडते. जेथे दोषीच नाही, तेथे कायदा अडतो.

३

आपला सर्वसामान्य नुकसानभरपाईचा कायदा दोषावर उभा आहे. तुम्ही निष्काळजीपणा केलात, म्हणून तुम्ही भरपाई द्या. या मार्गानेही काहींना न्याय मिळाला आहे, हे मी नाकारणार नाही. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली प्रसूतीनंतरच्या शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या पोटात कापड राहून गेले व ती दगावली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरले. रक्कम होती ३६ हजार रुपये, आणि मध्ये गेली होती तेहेतीस वर्षे. येथे पोटातले कापड हा बोलका पुरावा होता. लसीच्या इजेत असे कापड सापडत नाही.

खेड्यातल्या एखाद्या मजुराने असा दावा लावायचा म्हटले, तर त्याच्या वाटेत काय काय येईल? अपायाचे कारण लसच, हे त्याने सिद्ध करायचे. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष हवी. शवविच्छेदन झालेले असायला हवे, आणि आपल्याकडे बालकाचे शवविच्छेदन करू देण्यास आईबाप सहजी तयार होत नाहीत. मृत्यूच्या भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवा. त्यावर कोणाचा निष्काळजीपणा, हेही दाखवायचे. ग्राहक न्यायालयाकडे जावे, तर १९९५ सालच्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, जेथे सर्वांना सेवा पूर्णतः मोफत मिळते तेथे ग्राहक कायदा लागू होत नाही. आपले सार्वत्रिक लसीकरण १९८५ पासून मोफतच आहे. जी गोष्ट गरिबांच्या भल्यासाठी मोफत केली, तीच गोष्ट त्यांना एका न्यायालयाच्या दारातून परत फिरवते.

कोविडच्या काळात हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निर्णय देताना सांगितले की, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही, आणि लसीनंतरच्या अपायांची माहिती लोकांना उपलब्ध झाली पाहिजे. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने, लसीमुळे मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांसाठी धोरण ठरवावे असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगितले. तेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कोव्हिशील्डनंतर मुली गमावलेल्या मातापित्यांच्या याचिका वेगळ्या होत्याच. त्यांना उत्तर देताना नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्रतिज्ञापत्रात अशी भूमिका घेतली की, लस घेणे ऐच्छिक होते, तिच्या संभाव्य परिणामांची माहिती उपलब्ध होती, म्हणून शासन भरपाईस बांधील नाही. ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे.

ऐच्छिकतेचा हा युक्तिवाद कायद्याच्या चौकटीत बसेलही. पण नागरिक म्हणून मला तो अपुरा वाटतो. ‘आपल्यासाठी नव्हे तर शेजाऱ्यासाठी लस घ्या, म्हाताऱ्या आईबापांसाठी घ्या, देशासाठी घ्या’ असे आवाहन आपण त्या दोन वर्षांत दिवसातून दहादा ऐकले. ते आवाहन रास्त होते. त्याला ओ देऊन जो दंड पुढे करतो, तो समाजाच्या हाकेला ओ देतो. हाक देताना समाज, आणि इजा झाल्यावर मात्र ज्याची त्याची इच्छा, हे न्यायाच्या तराजूत बसत नाही.

४

कुक्षीकरांना हा युक्तिवाद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपल्या तहसिलीतले चिखल्दा आणि निसरपूर आज कोठे आहेत? सरदार सरोवराच्या पाण्यात. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ साली आला. त्यात धरणाची उंची जशी ठरली, तसेच विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या अटीही ठरल्या. त्या अटी पुरत्या पाळल्या गेल्या की नाही, यावर या भागात तीव्र मतभेद आहेत आणि त्यांत शिरण्याचे हे व्यासपीठ नाही. परंतु एका गोष्टीवर धरणाचा कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक यांचे एकमत आहे: ज्याची जमीन सर्वांच्या पाण्यासाठी आणि विजेसाठी गेली, त्याचे काहीतरी देणे लागते. तुमची जमीन बुडाली यात कोणाचाही निष्काळजीपणा नाही, सबब तुम्हाला काही मिळणार नाही, असे कोणी म्हटले असते तर आपण ते मुकाट्याने ऐकले असते काय?

जमिनीच्या बाबतीत जे तत्त्व आपण १८९४ च्या भूसंपादन कायद्यापासून मानत आलो, ते देहाच्या बाबतीत मानण्यास आपण का कचरतो? सार्वजनिक हितासाठी एकट्यावर पडलेला विशेष भार सर्वांनी वाटून घ्यावा, एवढेच ते तत्त्व आहे. शेत गेले तर मोबदला, आणि लेकराचा पाय गेला तर दिवाणी न्यायालयाचा पत्ता, ही विसंगती कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला टोचावी अशी आहे.

आपल्या कायद्याला दोषनिरपेक्ष भरपाई अपरिचित आहे, असेही नाही. १९२३ च्या कायद्याने कामावर जखमी झालेल्या कामगाराला मालकाचा दोष सिद्ध न करता भरपाई मिळू लागली. मोटार अपघातांसाठी १९८२ साली हे तत्त्व आले, आणि आज वाहनाखाली मृत्यू आल्यास चालकाचा दोष न दाखवताही पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. भोपाळच्या २ व ३ डिसेंबर १९८४ च्या त्या काळरात्रीनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला, तोही याच पायावर. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत मृत्यू वा अपाय झाल्यास भरपाई देणारी योजना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ साली आली. नसबंदीही ऐच्छिकच असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या इंदूरचे आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत झालेल्या मृत्यूंबाबत इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन, चाचणीत इजा झालेल्या व्यक्तीला मोफत उपचार आणि ठरावीक सूत्राप्रमाणे भरपाई मिळण्याची तरतूद झाली. २०१९ च्या नव्या नियमांत ती कायम राहिली. म्हणजे लस चाचणीत असताना इजा झाली तर नियम आहे. तीच लस मंजूर होऊन सरकारी केंद्रावर आली की त्या नियमाची हद्द संपते. एकच लस, एकच इजा, आणि न्याय मात्र तारखेवर अवलंबून.

५

इतर देशांनी या प्रश्नाची वाट कशी काढली, हे थोडक्यात पाहू. जर्मनीत १९५३ साली सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने देवीच्या लसीने इजा झालेल्या व्यक्तीच्या बाजूने निर्णय दिला. सर्वांच्या हितासाठी ज्याने विशेष त्याग सोसला, त्याला राज्याने भरपाई द्यावी, हे प्रशियाच्या जुन्या कायद्यातले तत्त्व न्यायालयाने आधाराला घेतले. १९६१ साली त्याचा कायदा झाला. फ्रान्सने १९६४ साली, जपानने १९७० च्या दशकात हीच वाट धरली.

अमेरिकेचा अनुभव वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. १९५५ साली कटर नावाच्या कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेले. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला व १० जण दगावले. पुढे झालेल्या खटल्यात ज्यूरीने म्हटले की, कंपनीचा निष्काळजीपणा दिसत नाही, तरीही लस सदोष होती म्हणून भरपाई द्यावी. या वाटेने दावे वाढत गेले आणि १९८० च्या दशकात लस बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून धंद्यातून बाहेर पडू लागल्या. तेव्हा १९८६ साली तेथे कायदा झाला. लसीने टळणाऱ्या प्रत्येक रोगामागे डोसावर ७५ सेंटांचा कर, त्यातून एक निधी, कोणत्या लसीनंतर किती काळात कोणता अपाय झाल्यास तो लसीमुळे मानायचा याचे एक कोष्टक, आणि दाव्यांसाठी विशेष न्यायव्यवस्था, अशी ती रचना आहे. प्रत्येक लस घेणारा जणू थोडासा विमा भरतो आणि ज्याच्यावर संकट येते त्याच्या हाती तो पडतो.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीविषयी भय पसरले. लोक लस टाळू लागले आणि रोगाच्या साथी पुन्हा आल्या. याच काळात, १९७९ साली, तेथे लसीने गंभीर अपंगत्व आलेल्यांसाठी एकरकमी मदतीचा कायदा झाला. आरंभी ही रक्कम दहा हजार पौंड होती, पुढे ती एक लाख वीस हजार झाली. पुढे १९८८ साली तेथील न्यायालयाने, या लसीमुळे मेंदूला कायमची इजा होते असे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय दिला. यावरून दोन बोध घ्यावेत. शास्त्राचा निर्णय यायला दशके लागू शकतात. आणि तोवर अपंग मूल घेऊन बसलेल्या मातापित्यांना समाजाने अगदीच वाऱ्यावर सोडू नये.

६

आपल्याकडे अशी व्यवस्था उभी करायची तर तिचे स्वरूप कसे असावे, याविषयी माझे चार नम्र विचार मांडतो.

पहिला, उपचार आधी आणि निवाडा नंतर. लसीनंतर गंभीर आजार झालेल्या व्यक्तीचा सारा वैद्यकीय खर्च कारणाचा शोध लागेपर्यंत शासनाने करावा. दुसरा, मान्यताप्राप्त अपायांचे कोष्टक असावे आणि त्यात बसणाऱ्या प्रकरणी दोष सिद्ध करण्याची अट नसावी. पुरावा संदिग्ध असेल, तर त्या संशयाचा लाभ पीडिताला मिळावा. तिसरा, मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणांसारखी व्यवस्था जिल्ह्यापाशी असावी, म्हणजे कुक्षीच्या माणसाला दिल्लीला जावे लागणार नाही. चौथा, निधी सार्वजनिक असावा, आणि लस खरेदीच्या किमतीतील अल्पसा वाटा त्यात जावा. ज्या प्रकरणी खरोखर निष्काळजीपणा किंवा सदोष उत्पादन असेल, तेथे जबाबदारांवर वेगळा दावा करण्याचा हक्क अबाधित ठेवावा.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. भरपाई देऊ केली तर खोट्या दाव्यांचा पूर येईल, हा पहिला. हाच आक्षेप कामगारांच्या आणि मोटार अपघातांच्या कायद्यांवरही घेता येण्याजोगा होता. खोट्याची छाननी करणे हे न्यायाधिकरणांचे नित्याचेच काम आहे. खर्च परवडणार नाही, हा दुसरा. अपाय विरळा आहेत असे आपण लोकांना सांगतो. ते खरे असेल, आणि ते खरे आहे, तर खर्चही त्याच मानाने बेताचा राहील.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भरपाईची भाषा केली की लोकांच्या मनात भय बसेल व ते लसीपासून दूर जातील, असे अनेक निष्ठावान डॉक्टरांना वाटते. त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. पण भय बोलण्याने वाढते की लपवण्याने? धार, झाबुआ, अलीराजपूरच्या फळ्यांमधून आणि पाड्यांमधून लसीची पेटी खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या परिचारिकेचा आणि आशा कार्यकर्तीचा विचार करा. गावात एखादे मूल आजारी पडले, तर सारा रोष तिच्यावर येतो. तिच्या हाती देण्यासारखे काही नसते. ना उत्तर, ना मदत. २०२० साली साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा व भरपाईची तरतूद झाली, हे योग्यच झाले. परंतु ज्या दिवशी ती ताई त्या घरी जाऊन म्हणू शकेल, ‘दादा, काही झाले तर सरकार बाळाचा इलाज करील, कारण शोधील, आणि लसीमुळे झाले असेल तर तुम्हाला एकटे सोडणार नाही,’ त्या दिवशी तिला पोलिसाच्या संरक्षणाची गरज पुष्कळ कमी पडेल. शिवाय भरपाईची सोय असली की अपायाची नोंद दडवण्याचे कारण उरत नाही, आणि नोंदी खऱ्या झाल्या की शास्त्रही अधिक खरे होते.

मित्रहो, आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना फार खोल आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण मानतो. ज्यांच्यामुळे आपण रोगमुक्त आहोत, त्यांचेही एक ऋण आपल्यावर आहे. त्यांत संशोधक आहेत, परिचारिका आहेत, आणि ज्यांच्या वाट्याला लाखांत एकदा येणारे दुर्दैव आले ती मुलेही आहेत. पहिल्या दोघांचे ऋण आपण पुतळ्यांनी, पुरस्कारांनी आणि संस्थांना नावे देऊन फेडतो. तिसऱ्यांचे ऋण दया म्हणून नव्हे, तर कायद्याने ठरवलेला हक्क म्हणून फेडले पाहिजे. १८९७ च्या कायद्यात कंसात राहिलेला तो शब्द कंसाबाहेर काढण्याचे काम पुढच्या पिढीचे आहे. या शाळेतून कायद्याच्या, वैद्यकाच्या आणि प्रशासनाच्या क्षेत्रांत गेलेले व जाणारे विद्यार्थी त्याला हातभार लावतील, अशी मला आशा आहे.